दाखवायचे दात
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत गोड बोलावे, मंडळाच्या कार्याचा थोडा गौरव करावा आणि चहाची वेळ टळू न देता खाली बसावे, असा आपला रिवाज आहे. आज मी त्या रिवाजाला थोडी मुरड घालणार आहे. चिटणीसबाईंनी भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी नुसते "दात" असे म्हटले. त्या हसून म्हणाल्या, "कोणते? खायचे की दाखवायचे?" मी म्हटले, "दाखवायचेच!"

हा विषय मला कसा सुचला, ते आधी सांगते. कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती आपणा सर्वांसमोर कबूल करणे मला भाग आहे.

यंदाच्या स्मरणिकेसाठी जाहिराती मिळवण्याचे काम माझ्याकडे होते. नेहमीची मंडळी होतीच. कोपऱ्यावरचे किराणा दुकान, मसाले कांडून देणाऱ्या बाई, शिवणवर्ग, पतपेढी, सगळ्यांनी अर्धे पाव पान दिले. मग एका दंतमंजनवाल्यांचा माणूस आला. त्यांना पूर्ण पान हवे होते, तेही रंगीत. त्यांनी देऊ केलेल्या रकमेत आपल्या बालवाचनालयाचे कपाट सहज झाले असते. मला इतका आनंद झाला, की मजकूर न वाचताच मी पावती फाडली आणि धनादेश पर्समध्ये टाकला.

घरी येऊन तो कागद टेबलावर ठेवला. माझी भाची आली होती, तिने तो उचलून वाचला. "सात दिवसांत मोत्यासारखे शुभ्र दात. शंभर टक्के नैसर्गिक, म्हणून संपूर्ण सुरक्षित. हिरड्यांचे सर्व विकार नाहीसे. दंतवैद्यांनी शिफारस केलेले." वाचून ती काही बोलली नाही. कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "मावशी, हे तुम्ही छापणार?"

तिच्या त्या प्रश्नामागे काय होते, हे मला ठाऊक होते. गेल्या वर्षी तिचे लग्न झाले. लग्नाआधी महिनाभर तिने अशीच एक जाहिरात पाहून दात पांढरे करण्याचे एक औषध मागवले. ते दातांना लावून थोडा वेळ ठेवायचे होते. लवकर गुण यावा म्हणून ही दुप्पट वेळ ठेवी. औषधाचा जोर किती, ते खोक्यावर कोठेही लिहिलेले नव्हते. आठवड्याभरात हिरड्यांच्या कडा पांढऱ्या पडून चुरचुरू लागल्या आणि पाण्याचा घोट घेतला तरी दातांतून सणक जाऊ लागली. पण खरा घोटाळा पुढेच होता. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिचा पुढचा एक दात तुटला होता, त्यावर टोपी बसवलेली आहे. बाकीचे दात थोडे उजळले, टोपीचा दात मात्र होता तसाच राहिला. आजवर जो दात कोणाच्या लक्षात येत नव्हता, तो लग्नाच्या प्रत्येक फोटोत उठून दिसतो. फोटो काढताना ती ओठ मिटून हसली आहे. मुलीच्या लग्नातले हसू असे मिटलेले पाहणे फार वाईट वाटते, भगिनींनो.

दंतवैद्यांनी नंतर समजावले, की असले औषध फक्त नैसर्गिक दातावर चालते. टोपीवर किंवा भरलेल्या सिमेंटवर त्याचा रंग चढत नाही की उतरत नाही. एवढी एक ओळ जाहिरातीत असती, तरी पुढचे सारे टळले असते. पण जाहिरातीत नेमकी तीच ओळ नसते.

तेव्हा मी ठरवले, की आता हा विषय नीट समजून घ्यायचा. मी दंतवैद्य नाही आणि वकीलही नाही. विचारून, वाचून जे कळले, ते आपल्यासमोर मांडते.

प्रथम दात म्हणजे काय ते पाहू. दाताचे बाहेरचे कवच, ज्याला इंग्रजीत एनॅमल म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. पण ते काहीसे पारदर्शक असते. त्याच्या आतला थर पिवळसर असतो आणि तो कवचातून दिसतो. म्हणून निरोगी दात मुळातच कागदासारखा पांढरा नसतो. वय वाढते तसे कवच झिजते, आतला रंग अधिक दिसू लागतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. केस पिकतात, तसेच हे. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: हे कवच एकदा झिजले, की नखासारखे पुन्हा वाढत नाही.

आता दात पांढरे दिसण्याचे मार्ग तीन. पहिला घासण्याचा. चहाचे, पानाचे, तंबाखूचे डाग वरवर असतात, ते बारीक पुडीने घासून निघतात. पण पूड भरड असेल तर डागाबरोबर कवचही जाते. आपल्या आज्या राखुंडीने दात घासत. तवा राखेने घासला तर लखलखतो. पण तवा झिजला तर नवा आणता येतो. आज तोच कोळसा सुंदर डबीत भरून मोठ्या किमतीला परत आपल्या घरी आला आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या मासिकात २०१७ साली कोळशाच्या दंतमंजनांवरील अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. ती सुरक्षित किंवा गुणकारी आहेत असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता.

दुसरा मार्ग ऐकून तुम्हाला हसू येईल. तो निळीचा! पांढऱ्या लुगड्याला आपण नीळ देतो ती कशासाठी? निळसर झाक आली, की पिवळेपणा लपतो. काही टूथपेस्टमध्ये असाच निळा रंग घालतात. त्याचा पातळ लेप दातावर बसतो आणि दात तेवढ्यापुरते अधिक पांढरे दिसतात. यात अपाय नाही. पण दात पांढरा झाला असे म्हणणे आणि पांढरा दिसतो असे म्हणणे, यांत फरक आहे.

तिसरा मार्ग ब्लीचचा, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचा. हे द्रव्य दातात शिरून आतला रंग फिका करते. गुण याचाच खरा. पण जपायचेही यालाच. दात सणकणे, हिरडी चुरचुरणे हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत. बहुधा ते काही दिवसांत जातात. पण प्रमाण चुकले तर वाढतात.

म्हणूनच युरोपातील देशांनी याबाबत कडक नियम केले. २०१२ सालच्या ऑक्टोबरअखेरपासून तेथे नियम असा आहे, की ०.१ टक्क्यापर्यंत पेरॉक्साइड असलेली वस्तूच दुकानात कोणालाही विकता येते. त्याहून अधिक, ६ टक्क्यांपर्यंतची वस्तू फक्त दंतवैद्याला विकायची. त्याने आधी दात तपासायचे, पहिला प्रयोग त्याच्या देखरेखीखाली व्हायचा आणि १८ वर्षांखालील मुलामुलींना ती द्यायचीच नाही. ६ टक्क्यांच्या वर सक्त मनाई. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने तर २०१३ साली असा निर्णय दिला, की दात पांढरे करून देणे हा दंतवैद्यकाचाच भाग आहे. ज्याने ती विद्या घेऊन नाव नोंदवलेले नाही, त्याने ते काम करू नये. माझ्या भाचीच्या खोक्यावर मात्र टक्क्यांचा आकडाच नव्हता. तिने वेळ दुप्पट केली ही तिची चूक खरी. पण कशाच्या दुप्पट, हे तिला कोणी सांगितले होते?

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे नुसती दात स्वच्छ करणारी टूथपेस्ट कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडते. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांचा मूळ कायदा १९४० चा आणि सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम २०२० चे. वापरणाऱ्याची दिशाभूल होईल असा कोणताही दावा अशा वस्तूवर करता येत नाही. फ्लोराइड असेल तर ते दहा लाख भागांत १००० भागांपेक्षा अधिक नसावे, त्याचे प्रमाण ट्यूबवर आणि खोक्यावर छापावे आणि मुदत संपण्याची तारीखही द्यावी, असा नियम आहे. आज घरी गेल्यावर ट्यूब हातात घेऊन जरूर पाहा.

प्रसाधन आणि औषध यांतील रेषा मात्र सरळ नसते. आपल्या मुंबईतील पेंढारकरांच्या विको कंपनीची वज्रदंती आपण सर्वांनी वापरली आहे. ती औषध की प्रसाधन, हा वाद अबकारी खात्याने काढला. तो वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ती औषध आहे असे ठरले. सांगायचे एवढेच, की "स्वच्छ करते" हा एक दावा आहे आणि "रोग बरा करते" हा दुसरा. दुसरा दावा करणाऱ्याने त्यासाठी औषधाचा परवाना दाखवावा.

जाहिरातीसाठी आज सर्वांत उपयोगी कायदा म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आहे. दिशाभूल करणारी जाहिरात ते बंद करू शकते आणि पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत, पुढे ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातीत झळकणाऱ्या नटनट्याही यातून सुटत नाहीत. मात्र वस्तूची खात्री करून घेतल्याचे त्यांनी दाखवले, तर त्यांना दंड होत नाही.

आता "दंतवैद्यांनी शिफारस केलेले" या शब्दांची गंमत ऐका. आपल्या देशात दंतवैद्यांना त्यांच्या आचारसंहितेने अशी जाहीर शिफारस करता येत नाही. यावर तोड म्हणून सेन्सोडाइनच्या जाहिरातीत परदेशी दंतवैद्य दाखवले गेले. प्राधिकरणाने २०२२ साली त्या जाहिराती थांबवण्याचा हुकूम काढला. पुढे चौकशी होऊन, जगभरचे दंतवैद्य शिफारस करतात आणि ही जगातील पहिल्या क्रमांकाची पेस्ट आहे, हे दोन्ही दावे दिशाभूल करणारे ठरले आणि १० लाखांचा दंड झाला. जगाचा दावा करणाऱ्यांनी पुराव्यादाखल पाहण्या दिल्या होत्या त्या फक्त भारतातील दंतवैद्यांच्या! त्याच वर्षीच्या जूनमध्ये जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. जी शिफारस करण्यास येथील व्यावसायिकाला बंदी आहे, ती परदेशी व्यावसायिकाकडूनही करवून घेता येणार नाही, असे त्यांत स्पष्टच लिहिले आहे. शिवाय खुलाशाची ओळ दाव्याच्याच भाषेत आणि तशाच टाइपात असावी, असेही म्हटले आहे. मोठ्या अक्षरांत मराठीत वचन आणि तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजीत माघार, हे नियमात बसत नाही.

हा खेळ केवळ आपल्याकडेच चालतो असे नाही. ब्रिटनमध्ये ८० टक्क्यांहून अधिक दंतवैद्य आमची शिफारस करतात, असे कोलगेटने फलकांवर लिहिले होते. तेथील जाहिरात-नियामकांनी २००७ साली ते चुकीचे ठरवले. कारण पाहणीत प्रत्येक दंतवैद्याला एकाहून अधिक नावे घेण्याची मुभा होती; दुसऱ्या पेस्टचे नावही जवळजवळ तितक्यांनीच घेतले होते. वाचणाऱ्याला मात्र वाटे, की ८० जणांनी बाकी सर्व सोडून हीच निवडली. आकडा खरा होता, समज खोटा होता. चीनमध्ये शांघाय येथे २०१५ साली क्रेस्ट टूथपेस्टच्या उत्पादकांना सुमारे ६० लाख युआन दंड झाला. एका दिवसात दात पांढरे झाल्याचे दाखवणाऱ्या जाहिरातीत पांढरेपणा आला होता तो पेस्टने नव्हे, संगणकावर चित्र उजळल्याने!

दुसऱ्याच्या मालाला नावे ठेवण्यालाही सीमा आहे. दुसऱ्याचे लाल दंतमंजन चष्म्याच्या काचेवर घासून ते दात झिजवते असे सुचवणारी एक जाहिरात दूरदर्शन वाहिन्यांवर लागे. डाबर कंपनी न्यायालयात गेली आणि २००४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती जाहिरात रोखली. विशिष्ट नाव घेतले नाही, तरी साऱ्या लाल दंतमंजनांची बदनामी होते, हे न्यायालयाने मान्य केले. आपला माल चांगला म्हणा. दुसऱ्याचा वाईट म्हणायचा असेल तर पुरावा आणा, हा धडा आपल्या नळावरच्या गप्पांनाही लागू पडेल!

जाता जाता मशेरीबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. माझी आई रोज सकाळी भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावी. "दात घट्ट राहतात" असे ती म्हणे, तिची आईही असेच म्हणे. या जाहिरातीला कागद लागला नाही की पैसे लागले नाहीत. आईने लेकीला सांगितले एवढेच. पुढे आईच्या गालाला आतून पांढरा चट्टा उठला. डॉक्टरांनी वेळेवर बजावले आणि तिने मोठ्या कष्टाने मशेरी सोडली, म्हणून निभावले. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे आज कोणी नाकारत नाही. तंबाखू असलेली दंतमंजने आणि पेस्ट सरकारने १९९२ साली बंद केली आणि ती बंदी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. दुकानातली पूड कायद्याने थांबते. घरच्या तव्यावर भाजली जाणारी मात्र आपणच थांबवायची आहे. या सभेतही काहीजणींच्या कनवटीला ती डबी असेल. मी कोणाकडे पाहत नाही; पण विनंती करते.

आता आपल्या त्या पानाकडे येते. मी कार्यकारिणीसमोर माझी चूक मांडली. चर्चा झाली आणि ती गोड नव्हती. काहीजणी म्हणाल्या, "छापणारे आपण थोडेच मंजन विकतो? ज्याने त्याने पाहून घ्यावे." कोशाध्यक्षबाईंनी कपाटाची आठवण दिली, तीही रास्तच होती. मी कायद्यात पाहिले. दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही दंडाची तरतूद आहे. आपला नेहमीचा व्यवसाय म्हणून ती छापली, असे सिद्ध केले तर सूटही आहे. म्हणजे आपण कदाचित सुटलोही असतो. पण आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "सुटू की नाही हे काय बघता? स्मरणिका आपल्या घरात आपल्या सुना-लेकी वाचतात. त्यांना वाटेल मंडळाने छापले म्हणजे खरेच असेल. वर्तमानपत्रावर एवढा विश्वास कोण ठेवतो?" त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

मग आम्ही जाहिरातदारांना सभ्यपणे पत्र लिहिले आणि तीन गोष्टी विचारल्या. सात दिवसांत दात पांढरे होतात याला कोणत्या तपासणीचा आधार आहे? हिरड्यांचे विकार बरे होतात म्हणता, तर औषधाचा परवाना क्रमांक काय? आणि शिफारस कोणत्या दंतवैद्यांची? नुसते "दात स्वच्छ करणारे मंजन" असे लिहिले, तर आम्ही आनंदाने छापू, असेही कळवले. त्यांचा निरोप आला, की मजकूर बदलणार नाही; इतर ठिकाणी कोणी असे प्रश्न विचारत नाही. आम्ही धनादेश परत केला.

तेव्हा कपाट अजून झालेले नाही, हे मी आपल्याला स्पष्ट सांगते. मुलांची पुस्तके अजून पत्र्याच्या ट्रंकेतच आहेत. त्यात माझ्या उतावळेपणाचाही भाग आहे, म्हणून माझी वर्गणी मी आधी ठेवली आहे. आपणही यथाशक्ती हातभार लावावा.

आणि घरच्या घरी पाळण्याजोग्या चार गोष्टी सांगून संपवते. "पर्यंत" हा शब्द दिसला, की थांबा. "तीन छटांपर्यंत उजळ" यात एकही छटा न उजळणे बसते. "नैसर्गिक" म्हणजे सुरक्षित असे समजू नका. तंबाखूही नैसर्गिकच आहे. पेरॉक्साइडचे प्रमाण लिहिलेले नसेल, तर वस्तू परत करा आणि दात उजळायचेच असतील, तर आधी दंतवैद्याला दात दाखवा. तोंडात टोपी, भरलेला दात असेल तर अवश्य. आणि फसवी जाहिरात दिसली, तर चरफडत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक्रमांक १९१५ वर फोन करा. जाहिरात व्यवसायाने स्वतःच्या नियमनासाठी १९८५ साली स्थापन केलेली जाहिरात मानक परिषद मुंबईतच आहे. तिच्याकडेही कोणालाही तक्रार करता येते.

माझ्या भाचीचे दात आता सणकत नाहीत. टोपी बदलून घ्यायची की नाही, याचा ती विचार करते आहे. मी तिला म्हटले, घाई करू नकोस, आधी दंतवैद्यांना नीट विचार. ती मागे बसली आहे. तिच्या परवानगीनेच मी हे सारे आपल्याला सांगितले.